परीक्षा इकडची, गाईड तिकडचे

गेल्या वर्षी भाऊबीज होऊन आठवडा उलटला असेल. शेजारच्या घरातली दहावीतली मुलगी पुस्तकांची एक थप्पी छातीशी धरून आमच्या दारात उभी राहिली. तिच्या मामांनी भाऊबीजेला येताना कोल्हापुराहून तिच्यासाठी सर्व विषयांची गाईडे आणली होती. पुस्तके कोरी करकरीत होती, छपाई सुबक होती आणि प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर ठसठशीत मराठीत ‘इयत्ता दहावी’ असे लिहिलेले होते. एवढी चांगली भेट मिळूनही पोरीचा चेहरा मात्र उतरलेला. भूगोलाचे गाईड उघडून ती म्हणाली, “काका, ह्यातले धडे आमच्या पुस्तकात न्हाईत की ओ!”

आम्ही पाने चाळली. भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करीत ते गाईड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चालले होते. मुलीच्या शाळेच्या पुस्तकात ब्राझीलला तसे धडे नव्हतेच. तेथे भारताचा भूगोल होता. मग इतिहास काढला. कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तकात इंग्रजी सत्तेला कर्नाटकातून झालेल्या प्रतिकारावर एक प्रकरण आहे. त्यात कित्तूरची राणी चन्नम्मा आहे, संगोळी रायण्णा आहे. मामांच्या गाईडात त्यांचा मागमूस नव्हता. कित्तूर आमच्याच जिल्ह्यातले. परंतु बेळगावच्या मुलीच्या हातातले ते पुस्तक तिला ब्राझीलपर्यंत नेत होते आणि घराजवळच्या कित्तूरला मात्र वळसा घालून जात होते!

“मामांना सांगू नका हं,” असे ती जाता जाता म्हणाली. त्या एका वाक्याने आम्ही अस्वस्थ झालो, आणि या लेखाचे मूळ त्या अस्वस्थतेत आहे. मामांचे प्रेम खरे होते, त्यांनी मोजलेले पैसे खरे होते, आणि त्या गाईडातही काही खोट नव्हती. ज्या परीक्षेसाठी ते लिहिले गेले त्या परीक्षेला ते उत्तमच असेल. चूक एवढीच, की आमची मुलगी त्या परीक्षेला बसणार नव्हती.

भाषा एकीकडून, परीक्षा दुसरीकडून

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्याचा इतिहास या मासिकाच्या वाचकांना आम्ही नव्याने सांगावा असे नाही. त्या प्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो. परंतु त्याची एक धग दरवर्षी आमच्या मुलांच्या दप्तरापर्यंत पोचते, आणि तिच्याकडे आम्हां पालकांचे हवे तितके लक्ष जात नाही. आमची मुले मराठी माध्यमातून शिकतात, पण कर्नाटकाचा अभ्यासक्रम शिकतात. परीक्षा कर्नाटक शाळा परीक्षा व मूल्यनिर्णय मंडळाची असते, आणि पाठ्यपुस्तके कर्नाटक सरकारने मराठीत छापलेली असतात. उलट मराठीतल्या गाईडांचा मोठा बाजार पुणे-मुंबईचा. तो महाराष्ट्राच्या मंडळासाठी चालतो. सीमेवरच्या मराठी शाळांतील मुले त्यामानाने मूठभर, म्हणून त्यांच्यासाठी निघणारी पुस्तकेही मूठभर. मग हाताला जे मराठी पुस्तक लागेल ते आपलेच, अशी आपली समजूत होते. भाषा ओळखीची दिसली की आपण आतले पान उलटून पाहत नाही.

दोन्हीकडच्या दहावीत फरक किती, हे एकदा नीट मांडून पाहू. महाराष्ट्रात गणिताचे दोन भाग, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचेही दोन भाग, आणि प्रत्येक भागाची ४० गुणांची वेगळी प्रश्नपत्रिका. कर्नाटकात गणिताची एक आणि विज्ञानाची एक, अशा ८० गुणांच्या अखंड प्रश्नपत्रिका. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. पहिल्या भाषेला १२५ गुण, बाकीच्या पाच विषयांना प्रत्येकी १००, म्हणून एस.एस.एल.सी.ची बेरीज ६२५ येते.

आता आत काय आहे ते पाहा. कर्नाटकाची विज्ञान-गणिताची पुस्तके केंद्राच्या एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांवरून घेतलेली आहेत. त्यांत आम्ले, आम्लारी व क्षार यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, नियंत्रण आणि समन्वय यांवर आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षण आहे, अवकाश मोहिमा आहेत, आपत्ती व्यवस्थापन आहे. तिकडच्या बीजगणितात अर्थनियोजनाचे प्रकरण आहे, ते इकडे नाही. इकडच्या समाजविज्ञानात इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल यांच्या जोडीला समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि व्यवहार अध्ययन हेही एकाच प्रश्नपत्रिकेत येतात. तिकडच्या गाईडात समाजशास्त्राचे पान शोधून सापडणार नाही. मराठीसुद्धा एक नाही. तिकडची ‘कुमारभारती’ वेगळी, आमचे पहिल्या भाषेचे पुस्तक वेगळे. कवी निराळे, धडे निराळे. व्याकरण आणि निबंधलेखन तेवढे सामाईक.

थोडक्यात, मराठी माध्यमाचे गाईड म्हणजे आपल्या परीक्षेचे गाईड नव्हे. हे ध्यानात न घेता एखादे मूल चार महिने भलत्याच धड्यांची उत्तरे घोकीत बसले, तर दोष त्याच्या बुद्धीचा ठरतो, आणि तेच आम्हांस सर्वांत मोठे नुकसान वाटते. गुण गेले तर ते पुन्हा मिळवता येतात; आता कर्नाटकात एका वर्षात दहावीची परीक्षा एकाहून अधिक वेळा देण्याची सोयही झाली आहे. पण ‘मी एवढा अभ्यास केला तरी मला येत नाही’ असे एकदा मुलाच्या मनाने घेतले, म्हणजे ते काढून टाकणे फार कठीण.

गाईड कसे पारखावे

बाजारात भाजी घेताना आपण देठ मोडून पाहतो, नारळ कानाशी हलवून पाहतो. गाईड घेताना मात्र मुखपृष्ठ आणि किंमत पाहून पुस्तक पिशवीत टाकतो. आमची सूचना अशी की, गाईड आणायला जाताना मुलाचे पाठ्यपुस्तक बरोबर न्यावे. दुकानदाराने आढेवेढे घेतले तरी हरकत नाही. दोन्ही पुस्तकांची अनुक्रमणिका शेजारी शेजारी उघडून धड्यांची नावे एकेक करून ताडून पाहावीत. पाच मिनिटांचे काम आहे. पण या पाच मिनिटांत दहांपैकी नऊ चुका टळतात.

त्यानंतर वर्ष पाहावे. पाठ्यपुस्तके बदलतात, धडे गळतात, नवे येतात. मोठ्या भावाचे गाईड धाकट्याला द्यावे ही काटकसर चांगली आहे. कापड-चप्पल दोघांत चालते तसे पुस्तकही चालावे असे वाटणे साहजिक आहे. मात्र ते देण्यापूर्वी तीच अनुक्रमणिकेची तपासणी करावी. नपेक्षा वाचवलेले पैसे गुणांतून वळते होतात.

तिसरी गोष्ट उत्तरांची. कोणत्याही धड्यातला एक प्रश्न निवडावा, ज्याचे उत्तर आपल्याला किंवा मुलाला पक्के ठाऊक आहे, आणि गाईडात ते कसे दिले आहे ते वाचावे. उत्तर चुकीचे असेल तर पुस्तक खाली ठेवावे. उत्तर बरोबर, पण पाठ्यपुस्तकातील वाक्ये जशीच्या तशी उतरून काढलेली असतील, तरी ते खाली ठेवावे. कारण तेवढ्यासाठी पाठ्यपुस्तक आहेच. चांगले गाईड उत्तराची पायरी न् पायरी दाखवते. गणितात मधली ओळ गाळत नाही. किती गुणांच्या प्रश्नाला किती लिहावे याचा अंदाज देते. गाईडातील शास्त्रीय शब्द मुलाच्या पाठ्यपुस्तकातलेच आहेत ना, हेही पाहावे. एकाच कल्पनेला दोन पुस्तकांत दोन मराठी शब्द आले की मूल गोंधळते, आणि दोन्ही शब्द एकच आहेत हे सांगायला शेजारी कोणी नसते.

आणि चौथी गोष्ट अशी की, गाईड घेतलेच पाहिजे असे नाही. निपाणीत विड्या वळून घर चालवणाऱ्या आईला, वा शहापूर-वडगावात मागावर बसणाऱ्या बापाला, सहा विषयांचा संच ही सहज होणारी खरेदी नव्हे. अशा घरांनी मन छोटे करण्याचे कारण नाही. कर्नाटकाची पाठ्यपुस्तके सरकारच्या संकेतस्थळावर मराठीतूनही फुकट मिळतात. परीक्षा मंडळ नमुना प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका शाळेत गुरुजींकडे असतात. एखाद्या फोनवरून त्या उतरवून घेऊन दहा-वीस रुपयांत छापून आणता येतात. पाठ्यपुस्तक, नमुना प्रश्नपत्रिका आणि मागील चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एवढी सामग्री ज्याच्याजवळ आहे आणि ती जो खरोखर सोडवतो, त्याचे गाईडावाचून काही अडत नाही. पैसे असतील तर ज्या विषयात मूल कच्चे आहे त्या एका विषयाचे गाईड घ्यावे. सहाही विषयांची गाईडे मिळून अभ्यासापेक्षा कपाटच अधिक भरते.

‘अपेक्षित’चा मोह

गाईडांचे एक धाकटे भावंड आहे: अपेक्षित प्रश्नसंच. ‘एकवीस अपेक्षित’ हे शब्द तर महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी ठाऊक आहेत. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांना हा संच म्हणजे आयता भरलेला घडाच वाटतो. प्रश्नसंच सोडवणे वाईट नाही. ते सरावाला फार चांगले. वाईट आहे ते त्यातल्या प्रश्नांवर पैज लावणे. शिवाय सीमाभागातील मुलाने तिकडचा अपेक्षित संच सोडवला तर त्याला प्रश्नच नव्हे, प्रश्नपत्रिकेची घडणही चुकीची अंगवळणी पडते. ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेची सवय झालेला हात ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत वेळेचा हिशेब चुकतो.

त्यापेक्षा आपल्या मंडळाची नमुना प्रश्नपत्रिका घ्यावी आणि एका कागदावर मुलाकडूनच एक तक्ता करून घ्यावा: एका गुणाचे प्रश्न किती, दोन गुणांचे किती, तीन-चार गुणांचे किती, कोणत्या प्रकरणावर किती गुण. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा ‘संविधान तक्ता’ म्हणून शिकवतात. दहावीचे मूलही तो तासाभरात करू शकते, आणि तो केल्यावर ‘काय येईल’ हा प्रश्न मागे पडून ‘मला काय येत नाही’ हा खरा प्रश्न पुढे येतो.

परवचा आणि पत्ते

आता दुसऱ्या साधनाकडे वळू. शहरातील दुकानांतून हल्ली ‘फ्लॅशकार्ड’ नावाचे पत्त्यांचे गठ्ठे विकायला ठेवलेले असतात. पत्त्याच्या एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर. मुलाने प्रश्न पाहायचा, उत्तर मनाशी किंवा मोठ्याने म्हणायचे, आणि मग पत्ता उलटून पडताळायचे. नाव इंग्रजी असले तरी यामागची रीत आम्हां मराठी घरांना परकी नाही. दिवेलागणीला देवापाशी बसून परवचा म्हणणारी पिढी अजून आपल्या घरांत आहे. पाढे, पावकी-निमकी, स्तोत्रे रोज थोडी थोडी, पुस्तकात न पाहता, मोठ्याने म्हटली जात. न पाहता म्हणणे आणि रोज म्हणणे, हीच तर त्यातली दोन मर्मे होती.

या दोन्ही मर्मांना पुढे शास्त्राचा आधार मिळाला. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की पाठ केलेल्या गोष्टी सुरुवातीच्या काही तासांत झपाट्याने विसरल्या जातात आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. मध्ये काळ सोडून उजळणी केली तर त्या अधिक टिकतात. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी तो एकदा वाचून, नंतर न पाहता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले: दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. म्हणजे वाचताना ‘मला सगळे येते’ असे जे वाटते ते फसवे. आठवताना जे अडखळायला होते, त्यातच खरी कमाई.

हे कळले की विकतच्या पत्त्यांविषयीचा निर्णय सोपा होतो. विकतचे पत्ते सुंदर असतात, परंतु ते दुसऱ्याने केलेले असतात, आणि बहुधा दुसऱ्याच मंडळासाठी वा इंग्रजी माध्यमासाठी केलेले असतात. मुलाने स्वतः केलेला पत्ता ओबडधोबड असेल. पण तो करताना कोणता प्रश्न विचारावा, उत्तर कमीत कमी शब्दांत कसे मांडावे, याचा विचार त्याला करावा लागतो, आणि निम्मा अभ्यास तेथेच होतो. खर्चही नाही. घरात लग्नपत्रिका येतात, त्यांच्या कोऱ्या पाठी कापल्या की एका पत्रिकेचे चार पत्ते सहज होतात.

एका पत्त्यावर एकच प्रश्न असावा. ‘प्रकाशाचे अपवर्तन सविस्तर लिहा’ हा पत्त्याचा प्रश्न नव्हे. ‘अपवर्तन म्हणजे काय?’ हा एक पत्ता, ‘अपवर्तनांकाचे सूत्र कोणते?’ हा दुसरा. सूत्रे, व्याख्या, सनावळ्या, रासायनिक समीकरणे, नकाशातील ठिकाणे यांना पत्ते उत्तम. भूमितीचे प्रमेय, निबंध, दीर्घ उत्तर यांना मात्र वहीच हवी. हात चालवल्यावाचून ते येत नाही, तेथे पत्त्यांचा हट्ट धरू नये.

उजळणीची एक सोपी पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ च्या आपल्या पुस्तकात सांगितली. ती आम्ही आमच्या पद्धतीने सांगतो. बेळगावात कुंद्याचे रिकामे खोके कोणत्या घरात नसतात? असे तीन खोके घ्यावेत. नवे पत्ते पहिल्या खोक्यात. ते रोज पाहायचे. जो पत्ता बरोबर आला तो दुसऱ्या खोक्यात जाईल. तो तीन दिवसांनी पाहायचा. तेथेही बरोबर आला तर तिसऱ्यात. तो आठवड्याने, रविवारी पाहायचा. कोठेही चुकला की निमूटपणे पुन्हा पहिल्या खोक्यात. त्यामुळे जे येते त्यावर वेळ वाया जात नाही आणि जे येत नाही ते नजरेआड होत नाही. रोजचे पंधरा-वीस मिनिटांचे काम, परवच्याएवढेच.

आणि यात घरातल्यांनाही वाटा आहे. पत्त्याच्या दोन्ही बाजू छापील वा लिखित असल्यामुळे, विषय न कळणारी आई किंवा आजीही प्रश्न वाचून उत्तर पडताळू शकते. ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणून अभ्यासापासून दूर बसणारी माणसे अशा रीतीने त्या वर्तुळात येतात. मुलाला धाक नको असतो; शेजारी कोणीतरी हवे असते.

कन्नड, आणि मग इंग्रजी

सीमाभागातील मराठी मुलाच्या पत्त्यांना आणखी दोन कामे आहेत, जी पुण्याच्या मुलाच्या पत्त्यांना नाहीत.

पहिले काम कन्नडचे. राजकारणात आपली बाजू कोणतीही असो, मुलाच्या गुणपत्रिकेत कन्नडचे गुण मोजले जातातच. आणि शेजाऱ्याची भाषा येणे हा कधी तोटा नसतो. अण्णा आणि अक्का ही घरातली हाक आपण कानडीतूनच घेतली, आणि कथनाच्या मोठ्या ग्रंथाला दोन्ही भाषा ‘कादंबरी’च म्हणतात. परंतु जवळीक असते तेथेच फसगतही होते. कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई. आपल्याकडे ती संधी. कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे संशय. आपल्याकडे तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नडमध्ये ‘उद्योग’ म्हणजे नोकरी, ‘प्रबंध’ म्हणजे निबंध, ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान. अशा फसव्या शब्दांचा एक स्वतंत्र गठ्ठा करावा: एका बाजूस कन्नड लिपीत शब्द, दुसऱ्या बाजूस मराठी अर्थ. लिपी कन्नडच हवी. देवनागरीत लिहिले तर शब्द पाठ होईल, पण परीक्षेत वाचता येणार नाही.

दुसरे काम इंग्रजीचे. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेले मूल पी.यू.सी.ला विज्ञानशाखा घेते तेव्हा सारे एकदम इंग्रजीत सुरू होते. ‘त्वरण’ ज्याला उत्तम कळले आहे तो ‘अ‍ॅक्सिलरेशन’ ऐकून गप्प बसतो. ‘प्रकाशसंश्लेषण’ ज्याने सुंदर समजावून सांगितले असते तो ‘फोटोसिंथेसिस’ला अडतो. ज्ञान असते, त्यावरची चिठ्ठी तेवढी बदललेली असते. दहावीची परीक्षा झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत प्रत्येक प्रकरणातले वीस-पंचवीस शब्द, एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी, असे पत्ते केले तर तो पहिला धक्का पुष्कळ हलका होतो.

परीक्षा कोणती, हे आधी ठरवा

येथवर आम्ही एकच सूत्र धरून आलो आहोत: आधी परीक्षा, मग पुस्तक. हे सूत्र दहावीपुरते नाही.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी व अनुदानित शाळांतील, कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी ती आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यात मानसिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न असतात. मानसिक क्षमतेचे महाराष्ट्रातले मराठी पुस्तक आपल्या मुलाला खुशाल द्यावे, कारण आकृत्या आणि संख्यामालिका यांना सीमा नसते. शालेय विषयांसाठी मात्र आपलीच पाठ्यपुस्तके वाचावीत. एकाच परीक्षेत अर्धे गाईड तिकडचे चालते आणि अर्धे चालत नाही, ते असे.

निपाणीकरांची गंमत आणखी वेगळी. देवचंद कॉलेज निपाणीच्या वेशीलगत आहे. पण ते अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. निपाणीतला मुलगा दहावीनंतर तेथे गेला की घरी जेवायला कर्नाटकात येतो आणि शिकायला महाराष्ट्रात जातो! अशा मुलाला अकरावी-बारावीसाठी महाराष्ट्राचीच पुस्तके हवीत, आणि मामांनी कोल्हापुराहून आणलेला संच त्याला अचूक लागू पडतो. त्याचा वर्गमित्र निपाणीतच पी.यू.सी.ला राहिला, तर त्याला तोच संच निरुपयोगी.

पुढच्या प्रवेशपरीक्षांतही हेच. कर्नाटकाच्या सी.ई.टी.त प्रत्येक विषयाचे ६० प्रश्न, ८० मिनिटे, चुकीला गुण कापत नाहीत. प्रश्नपत्रिका इंग्रजी व कन्नडमध्ये. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एकीकडे अंदाजाने उत्तर ठोकणे शहाणपणाचे, दुसरीकडे तेच अंगाशी येणारे. म्हणजे दोन्हींचा सराव एकाच संचावर करून भागत नाही. ‘नीट’ २०१७ पासून मराठीतही होते. परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते, कर्नाटकातील केंद्रांवर नाही. बेळगावच्या मुलाला मराठीतून ‘नीट’ द्यायची असेल तर अर्ज भरतानाच कोल्हापूरसारखे महाराष्ट्रातले केंद्र निवडावे लागते. म्हणून अर्जाच्या दिवसांत त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये. पुस्तक कोणत्या भाषेतले घ्यायचे हा निर्णयही त्याच दिवशी होतो.

मामांना काय सांगितले

शेवटी आमच्या शेजारच्या मुलीकडे वळतो. त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही अनुक्रमणिका घेऊन बसलो. मराठीचे व्याकरण व निबंध, गणितातली अंकगणिती श्रेढी व वर्गसमीकरणे, विज्ञानातले धातू व कार्बनी संयुगे, एवढा भाग सरावाला उपयोगी निघाला. त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. इतिहास-भूगोलाची गाईडे बाजूला ठेवली. समाजविज्ञानासाठी तिने पाठ्यपुस्तक आणि मंडळाच्या प्रश्नपत्रिका धरल्या, आणि कुंद्याचे तीन खोके मागून नेले. पुढे कितीतरी संध्याकाळी भिंतीपलीकडून तिची आजी पत्ते वाचून दाखवताना ऐकू येई. कन्नडच्या पत्त्यांच्या वेळी आजीच अडखळे आणि नातीला शिकवावे लागे. आम्हांला वाटते, नातीचे कन्नड त्यामुळेच पक्के झाले.

मामांना सांगायचे की नाही, हा प्रश्न उरला होता. आम्ही तिला म्हटले, “सांग. प्रेमाने आणलेली वस्तू चुकीची निघाली हे लपवलेस तर पुढच्या वर्षी धाकट्यालाही तीच येईल.” तिने सांगितले. मामा क्षणभर खजील झाले असतील. पण भूगोलाचे आणि इतिहासाचे गाईड त्यांनी परत नेऊन कागलच्या आपल्या पुतणीला दिले, आणि तेथे ते योग्य हाती पडले.

मुलगी आता पी.यू.सी.ला आहे. तिचे खोके धाकट्या भावाकडे आले आहेत. परवा मामांचा फोन आला होता म्हणे, भाच्यासाठी काय आणू, असे विचारण्याआधी त्यांनी विचारले, “अनुक्रमणिकेचा फोटो पाठव बघू आधी.”